गोळी झाडण्याआधी

"आजोबा, एक अर्ज लिहून द्या ना. तुम्ही बँकेत होतात."

वसईच्या आमच्या घरात नुकते दिवे लागले होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला नातू पुढ्यात उभा. मला वाटले, कॉलेजातल्या हजेरीचे काही असेल. प्रकरण निराळेच निघाले. चिरंजीवांनी एका माणसाला गोळी घातली होती!

संगणकावर, अर्थात. 2013 साली आलेला 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह' हा खेळ मारधाडीसाठीच प्रसिद्ध. पण त्यातल्याच शहरात 'रोलप्ले' करणारी मंडळी वेगळी. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी हवालदार होतो, कोणी डॉक्टर. माइकवरून एकमेकांशी बोलत तासन्‌तास तो संसार चालतो. बंदुका असतात, दरोडेही पडतात. मात्र विनाकारण कोणाला मारायचे नाही. मारलेत तर तो 'आरडीएम', म्हणजे 'रँडम डेथमॅच'. गाडीखाली चिरडलेत तर 'व्हीडीएम'. गॅरेजपुढच्या रांगेत घुसलेल्या एकाला नातवाने चकार शब्द न बोलता टिपले. त्याने चित्रफितीसह तक्रार केली आणि यांच्यावर सात दिवसांची बंदी आली.

"पण तो मध्येच घुसला. कारण होतं ना!"

"ते तुझ्या मनात. चित्रफितीत कुठे आहे?" मी म्हणालो. खर्चाचे कारण न लिहिलेले व्हाउचर मी कधी पास केले नाही.

हा नियम उगाच आलेला नाही. 1997 साली 'अल्टिमा ऑनलाइन' सुरू झाला. हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात वावरू लागली आणि गावाची वेस ओलांडताच नवख्यांना लुटणारे, मारणारे टपून बसू लागले. नाना उपाय थकल्यावर 2000 साली त्या जगाचेच दोन भाग करावे लागले. एकात जुनाच कारभार; दुसऱ्यात संमतीवाचून कोणावर हत्यार चालवताच येईना. बहुतेकांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवले. रोलप्लेवाल्यांनी अशी भिंत घातली नाही. तिथे बंदूक चालते, पण आधी बोलावे लागते; समोरच्याला उत्तर द्यायला, हात वर करायला अवसर द्यावा लागतो. त्यानेही रोखलेल्या पिस्तुलाला खरोखर भ्यायचे असते. बहुतेक ठिकाणी मेलेला परतला की त्याने सूड घ्यायचा नाही, मागचे विसरायचे. (हे कलम मला लागू असते तर माझ्या निम्म्या कादंबऱ्या पहिल्या प्रकरणातच संपल्या असत्या.)

मग नातवाने तक्रारदाराचे निवेदन वाचून दाखवले. त्या शहरात त्याचा पहिलाच दिवस होता. रांग कुठे लागते हे त्याला ठाऊकच नव्हते.

मला विरार लोकल आठवली. बोरिवलीला उतरणारा कोणी चुकून आमच्या गाडीत चढला की दारातली मंडळी त्याला उतरू देत नसत. एकदा असाच एक गृहस्थ, हातात पिशवी, चेहरा बावरलेला. गर्दीतून त्याला एक कोपर बसले. ते माझे होते. तो भाईंदरपर्यंत गेला. मुंबईत नवा आहेस का, एवढेही त्याला कोणी विचारले नाही.

हे नातवाला सांगितले. तो हसला नाही.

अर्जात मी 'गैरसमजातून' असा शब्द घातला होता. माझ्या नोकरीत तो हमखास चाले. त्याने तो खोडला आणि लिहिले, 'मी त्याला काही विचारलं नाही.'

बंदी काही कमी झाली नाही. सातच्या सात दिवस तो संध्याकाळी माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत फिरायला आला.