संमतिपत्रावरची सही

दवाखान्यातील मेजावर संमतिपत्राचा जो कागद पुढे सरकवला जातो, त्यावर बाई अठरा वर्षे पुरी झालेली आणि मनाने स्वस्थ असेल तर कायद्याला तिच्या एकटीचीच सही लागते. नवऱ्याची नव्हे, सासूची तर नव्हेच. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली मंजूर झालेल्या आणि १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आलेल्या गर्भपातविषयक कायद्याची ही तरतूद आहे. तथापि सही एकीची आणि निर्णय घरच्यांचा, असे जेथे घडते, तेथेच पुढील मनस्तापाचे मूळ पुष्कळदा सापडते.

गर्भपात केला की बाई मनाने खचणारच, ही समजूत मात्र तपासाला टिकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २००८ ते २०१० या काळात अमेरिकेतील ३० केंद्रांवर आलेल्या सुमारे हजार स्त्रियांची हकीकत पाच वर्षे नोंदवली, तेव्हा गर्भपात झालेल्यांपैकी शेकडा ९५ हून अधिक जणींना आपला निर्णय योग्यच वाटत होता. उलट आरंभी चिंतेने अधिक ग्रासलेल्या आढळल्या त्या मुदत उलटल्यामुळे परत पाठवलेल्या स्त्रिया.

क्लेश होतात, पण सर्वांना सारखे नाहीत. ब्रिटनमधील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेने २०११ साली घेतलेल्या आढाव्यात सर्वांत भरवशाची खूण ठरली ती पूर्वीच्या मानसिक आजाराची. त्याखेरीज जोडीदाराची सक्ती, आधाराचा अभाव, लोकलज्जा.

सर्वांत दारुण अवस्था मात्र हवेसे मूल गमावणारीची. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भात गंभीर व्यंग निघते, दुपटी शिवून झालेली असतात, नावही मनात ठरलेले असते. आणि सारे उरकून घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत दूध दाटून येते, कारण शरीराला कुणी काही कळवलेले नसते. शेजारी मात्र ‘पिशवी साफ केली’ एवढेच सांगितले जाते, त्यामुळे भेटायला येणेही कुणाला सुचत नाही. स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीने एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली, हे योग्यच झाले. परंतु गोपनीयता हा तिचा हक्क आणि लपवाछपवी हे तिच्यावर लादलेले ओझे, हा भेद घरोघरी उमगलेला दिसत नाही.

काही दवाखान्यांत सहीपूर्वी सोबतच्या मंडळींना बाहेरच्या बाकावर बसवून बाईला एकटीलाच आत बोलावतात. पहिले उत्तर बहुधा ‘घरचे म्हणतील तसं’ असेच येते. जाणती परिचारिका अशा वेळी लेखणी पुढे करीत नाही. पाण्याचा पेला देते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते.