गाडीचा फिल्टर आणि आपली फुप्फुसे

मोटारीची सर्व्हिसिंग हा मेकॅनिकचा विषय. त्यात डॉक्टरने कशाला तोंड घालावे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु सर्दी, ॲलर्जी आणि दम्याचे जे रुग्ण दवाखान्यात येतात, त्यांच्यापैकी काहींच्या त्रासाचे एक कारण त्यांच्या गाडीतच दडलेले असते. म्हणून आज थोडे फिल्टरविषयी.

हवेतील जाड धूळ आपल्या नाकातील केस आणि ओलसर आवरण अडवून धरते. मात्र अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाक-घसा ओलांडून थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती सूक्ष्म असतात याची कल्पना यावी. डिझेलच्या धुरात असे कण भरपूर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. ट्रकच्या मागे आपली गाडी असते तेव्हा हाच धूर ब्लोअरवाटे आत येतो.

ही हवा गाळण्यासाठी केबिन फिल्टर असतो. गॅरेजमध्ये त्याला 'एसी फिल्टर' म्हणतात. घड्या घातलेल्या जाड कागदासारखा हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत समोरच्या डाव्या खणामागे असतो. काही जुन्या गाड्यांत तो नसतोच. इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनाला जपतो. केबिन फिल्टर आत बसणाऱ्यांना. ऑइल बदलताना ऑइल फिल्टर आठवणीने बदलला जातो, पण केबिन फिल्टरची आठवण फारशी कोणी काढत नाही.

दम्याची एक लहान मुलगी माझ्याकडे येत असे. घरी ठीक; गाडीने प्रवास केला की खोकला आणि छातीत घरघर. वडिलांना फिल्टर पाहायला सांगितले. तो धुळीने काळा पडला होता, त्यात पाचोळाही अडकला होता. नवा बसवल्यावर प्रवासातील त्रास बराच कमी झाला. तिचा पंप मात्र आम्ही चालूच ठेवला, हे मुद्दाम सांगतो. फिल्टर म्हणजे औषध नव्हे.

केव्हा बदलावा?

सर्वसाधारणपणे १० ते १५ हजार किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मुरुमाच्या रस्त्याने रोज जाणे-येणे असेल तर त्याआधीच. पावसाळ्यात फिल्टर दमट राहून त्यावर बुरशी धरते. एसी लावताच कुबट वास आला, शिंका सुरू झाल्या किंवा ब्लोअर पूर्ण लावूनही हवा कमी आली, तर फिल्टर बघून घ्यावा.

कॉम्प्रेसरने हवा मारून तोच फिल्टर पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. जोराच्या हवेने त्याचे तंतू फाटतात आणि बारीक धूळ गाळली जात नाही. कागदी फिल्टर धुऊही नये. जुना फिल्टर काढताना नाका-तोंडावर मास्क बांधावा, तो झटकू नये, पिशवीत बांधून टाकावा. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये.

फिल्टर काय करू शकत नाही?

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोणताही केबिन फिल्टर अडवत नाही; कोळशाचा थर असलेलाही नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये आणि उभ्या गाडीत एसी लावून झोपू नये. प्रवासात डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर गाडी थांबवून सर्वांनी आधी बाहेर यावे.

दुसरी गोष्ट, आतलीच हवा फिरवणारे बटण. धुरात ते जरूर लावावे. पण चार-पाच माणसे बसलेल्या गाडीत ते तासन्‌तास चालू राहिले तर उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो, जडपणा व झापड येते. चालकाला झापड येणे किती धोक्याचे, हे सांगायला नको. रस्ता मोकळा मिळताच थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी.

इंजिनाचा एअर फिल्टरही वेळेवर बदलावा. तो फारच तुंबला की, विशेषतः जुन्या डिझेल गाड्यांत, इंधन नीट जळत नाही आणि काळा धूर निघतो. तो धूर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या आणि रस्त्याकडेने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या छातीत जातो.

केबिन फिल्टर ही काही फार महागडी वस्तू नव्हे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी नुसती सोडून येऊ नका. जुना फिल्टर काढून दाखवायला सांगा आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. घरात दमेकरी, वृद्ध किंवा तान्हे मूल असेल तर हे काम लांबणीवर टाकू नका.