वाशिम ते मुंबई : विमान खरंच लवकर पोचवतं का?

नकाशावर पट्टी धरली तर वाशिम ते मुंबई हवाई अंतर साधारण ४६० किलोमीटर भरतं. पण हा आकडा कावळ्याच्या कामाचा, माणसाच्या नाही. जिल्ह्यात विमानतळ नाही. नागपूरहून उडायचं तर आधी उलट्या दिशेला, पूर्वेकडे, सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर जायचं आणि मग आकाशातून जवळपास ६८० किलोमीटर मागे यायचं, तेही आपल्याच डोक्यावरून! विमान हवेत दीड तास असतं हे खरं. मात्र नागपूरपर्यंतचे चार तास, विमानतळावरचे दीड-दोन आणि उतरल्यावर बॅगेच्या पट्ट्यापाशी उभं राहणं धरलं की आठ तास सहज जातात.

उलट समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. मालेगावला (नाशिकचं नव्हे, आपलं) चढलात की आमण्यापर्यंत सिग्नल नाही. सरासरी शंभरचा वेग धरला तरी पाच तास, पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी, चहा-जेवण. म्हणजे तेवढेच आठ. कुणी म्हणेल, नांदेडचा विमानतळ जवळ आहे. आहेच, पण तिथली विमानं मोजकी. वेळ जुळली तरच फायदा. थकव्याचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून एकट्याने रात्रभर गाडी हाकणार असाल तर माझं गणित बाजूला ठेवा.