डिस्क फॉरमॅट करण्यापूर्वी

पुष्कळ पेढ्यांची कीर्द-खतावणी हल्ली घरच्या नेटवर्कवरील साठवण-पेटीत, म्हणजे ‘नॅस’मध्ये असते. ही पेटी अडली की कित्येक व्यापारी बंधू आतील डिस्क काढून विंडोजच्या संगणकास जोडतात, व संगणक ‘डिस्क फॉरमॅट करा’ असे सुचवितो. येथे होकार कदापि देऊ नये. बहुतेक नॅस लिनक्सवर चालतात. त्यांची ‘ईएक्सटी४’सारखी मांडणी विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही. मोडी न जाणणाऱ्याने जुनी वही निरुपयोगी ठरवावी, तसाच हा प्रकार होय.

नवी डिस्कच नॅसमध्ये फॉरमॅट होत नसेल, तर ती खणात नीट बसवावी, अथवा दुसऱ्या खणात घालून पाहावी. ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे २ टीबीच जागा दिसल्यास बहुधा जुनी ‘एमबीआर’ विभागणी कारण असते. ‘जीपीटी’ विभागणीने पूर्ण जागा मिळते. ‘स्मार्ट’ तपासणीत खराब सेक्टर वाढताना दिसल्यास डिस्क बदलणेच इष्ट.

दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटत असला, तरी पुसलेले दोहोंवरून पुसले जाते. यास्तव हिशेबाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, ती उघडून पाहावी, आणि मगच फॉरमॅटची आज्ञा द्यावी.