पुराचा जागल्या

सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ४० फुटांवर आलें म्हणजे इशारा आणि ४५ फुटांवर आलें म्हणजे धोका. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत पाणी या दोन्ही खुणा ओलांडून पुष्कळ वर चढलें व शहराचा मोठा भाग जलमय झाला. अशा ठिकाणीं रात्रंदिवस पातळीवर नजर ठेवण्याचें काम डेटा लॉगर नांवाचें नोंदयंत्र करूं शकतें. परंतु हा जागल्या मनुष्यानें शिकविल्यावांचून कांहींच जाणत नाहीं. त्यास काय काय शिकवावें लागतें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

पहिला धडा मापाचा. पाण्यांत बुडविलेला सेन्सर वरील पाण्याच्या दाबाप्रमाणें विजेचा प्रवाह कमीअधिक करितो. समजा, त्याची मर्यादा २० मीटर आहे. वर पाणी मुळींच नसतां ४ मिलिअँपिअर आणि २० मीटर पाणी असतां २० मिलिअँपिअर, असा संकेत असतो. म्हणजे १२ मिलिअँपिअरचा अर्थ १० मीटर. आरंभ शून्यापासून कां नाहीं, असें कोणी विचारील. तार तुटली असतां प्रवाह शून्य होतो. म्हणून शून्य म्हणजे बिघाड व ४ म्हणजे पाणी नाहीं, हा भेद यंत्रास कळतो.

दुसरा धडा मूळ खुणेचा. सेन्सर स्वतःच्या वरचें पाणी मोजतो. घाटावरील पट्टीचा आंकडा त्यास ठाऊक नसतो. तो पट्टीच्या २ मीटरच्या खुणेशीं बसविला असेल, तर प्रत्येक मापांत २ मिळविण्यास लॉगरला सांगावें लागतें. पट्टी फुटांची व यंत्र मीटरचें असेल, तर ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर आणि ४५ फूट म्हणजे १३.७२ मीटर, हा हिशेब आधींच करून ठेवावा.

तिसरा धडा वेळेचा. उन्हाळ्यांत तासाला एक नोंद पुरते. पूर चढूं लागला म्हणजे पांच-पांच मिनिटांनीं नोंद हवी. लाटांमुळें एकटें माप फसवें ठरतें, यास्तव अनेक मापांची सरासरी घेण्याची आज्ञा द्यावी.

चौथा धडा हांकेचा. १२.१९ ला घंटा वाजावी व त्याखालीं लगेच थांबावी, असें ठरविलें, तर पाणी त्या रेषेवर हिंदकळतांना घंटा सारखी वाजेल व थांबेल. म्हणून ओळीनें तीन नोंदी रेषेवर आल्या तरच घंटा वाजावी आणि पातळी १२.०० मीटरपर्यंत उतरल्यावरच थांबावी, असें अंतर ठेवितात. तार तुटणें व बॅटरी उतरणें यांचा संदेश निराळा ठेवावा.

शेवटीं परीक्षा. पट्टीवर डोळ्यांनीं वाचलेला आंकडा यंत्राच्या आंकड्याशीं ताडून पाहावा. संथ पाण्यांत सेन्सर एक मीटर वर उचलला असतां माप तेवढेंच घटलें पाहिजे. इशाऱ्याची रेषा क्षणभर चालू पातळीच्या खालीं आणून संदेश योग्य मनुष्यास पोहोंचतो कीं नाहीं, तें पाहावें; आणि मग ती रेषा आठवणीनें पूर्ववत् करावी.

हें सर्व पावसाळ्यापूर्वीं करावयाचें. जो जागल्या उगीच हांका मारितो, त्याच्याकडे गांव लक्ष देईनासा होतो. आणि खऱ्या पुराच्या रात्रीं लोक अंथरुणांतच राहतात.