मोटारीची गर्जना आणि तिचे मोल

बैठ्या बांध्याची, रुंद चाकांची एखादी मोटार गुरगुरत रस्त्याने निघून गेली की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते आणि पोरांच्या माना तिच्या दिशेने वळतात. हा भेद आजचा नव्हे. मोटार जितकी जुनी, तितकाच हा वादही जुना आहे. आपल्या मोटारीतूनही तसाच आवाज निघावा असे पुष्कळ तरुणांना वाटते, आणि थोड्या खर्चात तो काढून देणारी गॅरेजेही गावोगाव आहेत. परंतु हा आवाज मुळात येतो कोठून, सायलेन्सर त्याला आवर कसा घालतो, त्यात फेरफार केल्याने नेमके काय घडते आणि त्याचे मोल कोणाला द्यावे लागते, याचा विचार क्वचितच होतो. तो आज आपण करू.

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि त्याचे काम संपत आले की बाहेर जाण्याची झडप उघडते. या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळच अधिक असतो. त्यामुळे वायू नळीत एकदम मुसंडी मारतो. ही मुसंडी म्हणजेच दाबाची एक लाट, आणि अशा लाटा एकामागून एक कानावर आदळल्या की त्यांचा आवाज होतो. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या एंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० लाटा निघतात. ६,००० फेऱ्यांना २००. म्हणून वेग वाढविला की आवाज केवळ मोठाच होत नाही, तर चढाही होतो. आठ सिलिंडरांच्या एंजिनात त्याच ६,००० फेऱ्यांना सेकंदाला ४०० लाटा निघतात आणि स्वर एक सप्तक वर जातो.

एवढ्यावरच मोटारीचा स्वभाव ठरत नाही. आठ सिलिंडरांच्या अमेरिकन मोटारींत चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी असतात. त्यांच्या क्रँकची घडण अशी असते की एकेका ओळीतील स्फोट समान अंतराने होत नाहीत. त्यामुळे तो परिचित, खोल, अडखळता गुरगुराट निघतो. इटलीच्या फेरारीत मात्र बहुधा दोन्ही ओळी आळीपाळीने पेटतात आणि स्वर सलग, तीक्ष्ण होतो. ज्याच्याजवळ चार सिलिंडरांची लहान मोटार आहे, त्याने कितीही नळ्या बदलल्या तरी तिच्यातून आठ सिलिंडरांचा घोष निघणार नाही. सनईतून पखवाज वाजत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता सायलेन्सरकडे वळू. वाहनांसाठी असे साधन आरंभी करणाऱ्यांत अमेरिकेतील इंडियाना प्रांताच्या रीव्ह्स बंधूंचे नाव येते. त्यांना त्याचे पेटंट १८९७ साली मिळाले. या साधनाचे मूलतत्त्व तीन प्रकारांनी समजावून घेता येईल. पहिला प्रकार रुंद कोठीचा. अरुंद नळीतून आलेली लाट एकाएकी रुंद जागेत शिरली की तिचा काही भाग परत फिरतो आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडून तिचा जोर मोडतो. दुसरा प्रकार शोषणाचा. छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचतंतूंचे वेष्टन असते. लाट त्यात शिरते आणि तिची शक्ती घर्षणाने उष्णतेत जिरते. तिसरा प्रकार घुमणाऱ्या पोकळीचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ठरावीक एकच स्वर निघतो. तशीच ठरावीक मापाची पोकळी नळीला जोडली, तर ती तेवढाच एक स्वर गिळून टाकते. या तिसऱ्या प्रकारालाच रेझोनेटर म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या मोटारीत या तिन्ही युक्तींचा मेळ घातलेला असतो. तेव्हा आवाज वाढविणे म्हणजे नवीन काही निर्माण करणे नव्हे. जे अडविले होते ते मोकळे सोडणे होय.

हे मोकळे सोडण्याचे मार्ग सौम्यापासून उग्रापर्यंत क्रमाने सांगतो. सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे नळीच्या शेवटाला चकचकीत रुंद तोंड बसविणे. त्याने डोळ्यांना फरक दिसतो, कानांना जवळजवळ नाही. दुसरा उपाय हवा घेण्याच्या बाजूचा. मूळची बंद पेटी काढून उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी लावली, की एंजिन हवा ओढते त्याचा सुस्कारा चालकास ऐकू येतो. मात्र उघडी गाळणी तापलेल्या एंजिनाशेजारी बसली तर ती गरम, विरळ हवा ओढते, आणि शक्ती वाढण्याऐवजी घटू शकते.

तिसरा मार्ग मागचा सायलेन्सर बदलून सरळ छिद्रनळीचा, काचतंतूंचा सायलेन्सर बसविण्याचा. यात वायूला वळणे घ्यावी लागत नाहीत, आवाज भरदार होतो आणि काहीसे नियंत्रणही राहते. चौथा, मधला रेझोनेटर काढून टाकण्याचा. आणि पाचवा, सायलेन्सरच उडवून तेथे सरळ नळी जोडण्याचा. या दोहोंत मुख्य दोष असा की गाडीच्या आत एक कंटाळवाणा घुमारा बसतो. एंजिन ३,००० फेऱ्यांवर असता सेकंदाला १०० कंपनांचा जो स्वर निघतो, तो नेमका गाडीच्या पोकळीत भरून राहतो. गावातल्या पाच मिनिटांच्या फेरीत ही गंमत वाटते; हमरस्त्यावरच्या चार तासांच्या प्रवासात डोके भणभणते. जाणकार कारागीर त्यावर एक तोड काढतात. नळीला एका टोकाने बंद अशी एक आंधळी शाखा ते जोडतात. तिची लांबी त्या स्वराच्या लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी लागते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर १०० कंपनांची लाट पाच मीटर लांब होते आणि शाखा सव्वा मीटरची लागते. एवढे गणित न मांडता नुसती नळी कापणारा तो कारागीर नव्हे.

सहावा मार्ग सांगतो तो केवळ टाळावा म्हणून. काही जण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर तो पुष्कळशा निरुपद्रवी वायूंत करतो. तो काढल्याने आवाज थोडा वाढतो. पण ते विष मोकळे होऊन मागून चालणाऱ्या पादचाऱ्याच्या छातीत जाते. शिवाय नव्या मोटारींतील ऑक्सिजनमापक यंत्र हे ओळखते आणि समोरचा इशाऱ्याचा दिवा पेटतो.

आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, ही समजूत सर्वत्र आढळते. तिच्यात तथ्यांश थोडा आहे. वायूची वाट फार अडली असेल तर ती मोकळी केल्याने एंजिनाचा भार हलका होतो. परंतु आजच्या मोटारीत निर्माते ती वाट विचारपूर्वक आखतात, म्हणून मिळणारा लाभ अल्प असतो. उलट, नळी प्रमाणाबाहेर रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो. वेगाने जाणारा वायू आपल्या मागे जो ओढा निर्माण करतो आणि पुढच्या खेपेचा वायू खेचून काढतो, तो ओढाच नाहीसा होतो. मंद गतीत गाडी दमल्यासारखी चालते. गर्जना वाघाची आणि चाल बैलगाडीची, असा प्रकार होतो.

याविषयी इंग्लंडमधील ब्रुकलंड्सचा इतिहास उद्बोधक आहे. सरे परगण्यात वेब्रिजजवळ ह्यू लॉक किंग यांनी स्वतःच्या जमिनीवर मोटारशर्यतींसाठी काँक्रीटची वर्तुळाकार वाट बांधली आणि ती १९०७ च्या जूनमध्ये खुली झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस एस. एफ. एज यांनी नेपिअर मोटारीत बसून सलग चोवीस तास, ताशी सुमारे १०५ किलोमीटरच्या सरासरीने मजल मारली. विक्रम झाला, पण आसपासच्या रहिवाशांची रात्र जागून गेली. त्यांच्या तक्रारींमुळे तेथे रात्रीची धाव बंद झाली. पुढे १९२० च्या दशकात प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि शर्यतीच्या मोटारींनाही मोठा, माशाच्या शेपटीसारख्या तोंडाचा सायलेन्सर लावण्याची सक्ती झाली. फ्रान्समध्ये ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची अखंड शर्यत होऊ लागली होती. ब्रुकलंड्सला तशी शर्यत हवी होती, पण रात्र मोकळी नव्हती. तेव्हा १९२९ साली त्यांनी ती दोन दिवसांत विभागली : बारा तास आज, बारा तास उद्या, आणि मधल्या रात्री मोटारी कुलपात. सक्तीच्या या काळातच, १९३५ साली, जॉन कॉब यांनी त्याच वाटेवर ताशी २३० किलोमीटरहून अधिक वेगाची फेरी पुरी केली. शेजाऱ्यांची झोप राखली म्हणून वेगाचा खेळ बुडाला नाही, हे येथे ध्यानी यावे.

आवाजाचा शौक आपल्याकडेही नवा नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची, जोरहवेचे यंत्र बसविलेली आठ सिलिंडरांची मोटार घेतली. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविला होता. एंजिनाच्या झाकणाच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या तिच्या झळाळत्या नळ्या आजही जाणकारांना मोह घालतात. मात्र तशी मोटार त्या काळी शहरात एखादीच असे. आज एकेका गल्लीत दहा वाहने असतात, आणि येथेच प्रश्नाचे स्वरूप बदलते.

ध्वनी डेसिबेलमध्ये मोजतात आणि हे माप फसवे आहे. दहा डेसिबेल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. वीस वाढले की शंभरपट. आपल्या देशात नव्या प्रवासी मोटारीची कसोटी साडेसात मीटरवरून घेतात आणि लहान मोटारीस ७४ डेसिबेलची मर्यादा आहे. फेरफार केलेली गाडी त्याच अंतरावर ९४ दाखवीत असेल, तर शंभर चांगल्या मोटारी एकाच वेळी जाव्यात तेवढी ध्वनिशक्ती ती एकटी ओतत असते. कानाला ती शंभरपट न भासता सुमारे चौपट भासते, हा निसर्गाचाच उपकार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतताक्षेत्र होऊ शकते, आणि तेथे मर्यादा याहूनही कमी. मी शिक्षक आहे. खिडकीखालून अशी एक गाडी गेली की वाक्य अर्ध्यावर थांबवावे लागते आणि चाळीस मुलांचे लक्ष पुन्हा फळ्यावर आणण्यास पुढची काही मिनिटे जातात. रुग्णालयातील खाटेवरचा माणूस तर खिडकीही लावू शकत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर आवश्यक केला आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व धूर यांविषयीच्या मानकांचा भंग करणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. कित्येक शहरांतील पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरविला आहे. न कळविलेल्या फेरफारामुळे विमा कंपनीशी तंटा उद्भवतो, तो वेगळाच.

मग शौकीन तरुणाने काय करावे? माझा एक माजी विद्यार्थी हेच विचारीत होता. त्याला सांगितले ते सर्वांनाच सांगतो. आवाजाचे सौंदर्य त्याच्या मोठेपणात नसून स्वरात असते. टोयोटाने आपल्या लेक्सस एल.एफ.ए. या मोटारीचा स्वर घडविण्यासाठी वाद्ये बनविणाऱ्या यामाहा कंपनीचे साहाय्य घेतले; २०१० पासून अशा केवळ ५०० मोटारी बांधल्या गेल्या. काही मोटारींच्या नळीत झडप असते. गावात ती मिटलेली राहते आणि एंजिन जोरात चालले की उघडते. काही निर्माते गाडीच्या आतील ध्वनिक्षेपकांतूनच एंजिनाचा स्वर ऐकवितात, म्हणजे आनंद चालकाला मिळतो आणि शेजारी निवांत राहतो. ज्याला खरोखर नळी मोकळी सोडायची आहे, त्याने ती शर्यतीच्या बंदिस्त वाटेवर, तेथील नियम पाळून सोडावी.

काळाचा खेळही पाहा. विजेवर चालणाऱ्या मोटारी मंद गतीत इतक्या नि:शब्द असतात की पादचाऱ्याला, विशेषतः अंधाला, त्या आल्याचे कळत नाही. म्हणून युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीने ताशी वीस किलोमीटरपर्यंतच्या गतीत मुद्दाम ध्वनी करावा असा नियम आहे. मोटारीचा आवाज ही केवळ पीडा नव्हे; तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला दिलेला इशाराही आहे. तेवढाच तो असावा, आणि त्या दुसऱ्या माणसासाठी असावा.