कुंपणाने शेत खाल्ले तेव्हा...

पनवेलकराला कंटेनर नवा नाही. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि या लोखंडी पेट्यांची रांग आपल्या रस्त्यांवर कायमची आली. २०१७ च्या जूनअखेरीस मात्र त्याच बंदरातील जीटीआय टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले. संप नव्हता, वादळ नव्हते. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाचे संगणक जगभर बंद पडले होते.

ही आपत्ती आली कोठून? युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्यासाठी ‘एम. ई. डॉक’ नावाची संगणक-प्रणाली वापरली जाते. तिची सुधारित आवृत्ती पुरवणाऱ्या सर्व्हरमध्येच हल्लेखोर शिरले. ग्राहकांनी विश्वासाने ‘सुधारणा’ घेतली आणि तिच्यासोबत ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम घरात आला. कुंपणानेच शेत खाल्ले! मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

वास्तविक या सर्व्हरचे काम किती साधे! दूरवरचा संगणक विचारतो, ‘माझी आवृत्ती जुनी झाली का?’ सर्व्हर सांगतो, ‘हो, नवी येथे आहे.’ हे उत्तर अहोरात्र मिळावे म्हणून हल्ली तो अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर बसवतात. प्रोग्रॅम त्याच्या साऱ्या सामानासह एका बंद पेटीत भरायचा. पेटीचे नावही बंदरावरूनच, कंटेनर! गुगलने २०१४ मध्ये खुली केलेली ‘कुबरनेटीस’ प्रणाली अशा पेट्या सांभाळते. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सुकाणू धरणारा. एक पेटी बंद पडली की ती दुसरी सुरू करते. बदल एकेका पेटीत करते, बिघडल्यास मागे घेता येतो. पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या डेटा सेंटरसारख्या वास्तू अशाच कामांसाठी उभ्या राहिल्या आहेत.

पण सुकाणू धरणारा पेटी उघडून आतला माल पारखत नाही. सर्व्हर चालू आहे एवढीच खात्री क्लस्टर देतो. तो खरे बोलतो याची नाही. त्यासाठी प्रत्येक नव्या आवृत्तीवर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी हवी, ती ग्राहकाच्या संगणकाने स्वतः तपासायला हवी, आणि स्वाक्षरीची गुप्त किल्ली त्या क्लस्टरपासून दूर ठेवायला हवी. म्हणजे सर्व्हर चोराच्या हाती लागला तरी मोहोर लागत नाही.

बंदरातही कंटेनरला सील असते आणि माल घेणारा ते पाहिल्याशिवाय दार उघडत नाही. ही जुनी शिस्त संगणकाच्या नव्या बंदरांनीही पाळली पाहिजे. नाहीतर एका दूरच्या कचेरीतली चूक पुन्हा आपल्या रस्त्यावर रांगा लावील.